न विचारता घातलेलं तेल

साहेब, टेकडीच्या उतारावर पायऱ्या तुम्ही बांधल्या. दुसऱ्या कुणी नाही. कंत्राटदार तुमचा, सिमेंट तुमचं, आणि ‘नागरिकांच्या सोयीसाठी’ ही अक्कलही तुमचीच. त्या पायऱ्या मधेच सुरू होतात आणि मधेच संपतात. वर माती, खाली माती, मध्ये सिमेंटचं ठिगळ. टेकडी चढणारी माणसं पलीकडच्या फरशीच्या रस्त्यानं चढतात, त्यांना या पायऱ्या आहेत हेही माहीत नाही. आणि ज्यांना माहीत असायलाच हवं होतं, त्यांच्यासाठी वरच्या तोंडाला एक साधी पाटी लावायचं तुम्हाला सुचलं नाही. आता त्या पायऱ्यांवरून एक बाई कशी खाली आली ते ऐका. मधे फोन घेऊ नका.

बाई चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासते. फिरत्या चाकावर काच धरायची, चष्म्याच्या खाचेत बसेल इतकीच घासायची. जरा जास्त घासली की काच कचऱ्यात. हात स्थिर, नजर धारदार आणि जीभ नजरेहून धारदार. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. गेल्या वर्षी तिची गर्भपिशवी काढली. ऑपरेशन नीट झालं, टाके नीट भरले, आणि शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता मोकळ्या झालात. पळा, उड्या मारा, काय वाटेल ते करा.” नवरा शेजारच्याच खुर्चीत बसला होता. पण हे वाक्य त्याच्या एका कानातूनही आत गेलं नाही.

घरी आल्यापासून तिच्या हातातली पाण्याची बादली काढून घेतली गेली. मग भाजीची पिशवी. मग गादीवरची चादर झटकायचं कामसुद्धा. शिंकली तरी सासरे आतल्या खोलीतून ओरडायचे, “सूनबाई, जपून!” आता शिंक काय जपून द्यायची? ती रोज चिडायची, रोज सांगायची, आणि रोज ते दोघं एकमेकांकडं बघून मान डोलवायचे. जणू चिडणं हेही दुखण्याचंच लक्षण.

सासरे जन्मभर सुतारकाम केलेले. नवरा बसवर ड्रायव्हर. डेपोत त्याला सगळे ‘बुधली’ म्हणतात, कारण त्याच्या शर्टाच्या खिशात शिलाई मशीनच्या तेलाची इवलीशी बुधली कायम असते. बसमध्ये कुठं काही कुरकुरलं की हा गाडी बाजूला घेऊन आधी तेल घालणार, मग निघणार. आवाज म्हणजे दुखणं आणि तेल म्हणजे औषध, एवढंच त्याचं शास्त्र. घरातलं एक दार वाजत नाही, पंखा वाजत नाही, खाट वाजत नाही. बायको तेवढी वाजते. तिच्यावर मात्र बुधली चालत नाही.

ऑपरेशनच्या आधी ती दर रविवारी टेकडीवर सायकल चालवायची. चारपाच वेडे जमायचे, एक मातीची पाऊलवाट होती, तिच्यावरून वळणं घेत खाली यायचं. तिची जुनी सायकल सांध्यातच तडकली, मग ऑपरेशन आलं, आणि घरच्यांनी मनातल्या मनात त्या विषयाचं श्राद्ध घालून टाकलं. तिनं मात्र एके दिवशी जाहीर केलं, “मी नवी सायकल बांधणार आहे. विकत घेणार नाही, बांधणार आहे. एकेक भाग निवडून.”

“बांधणार म्हणजे?” नवऱ्यानं विचारलं.

“तुम्ही बस चालवता तशी नाही. आधी बांधायची, मग चालवायची.”

“अगं, पण डॉक्टर...”

“डॉक्टर म्हणाल्या उड्या मारा. मी तर बसूनच जाणार आहे.”

खोकी येऊ लागली. मागच्या खोलीत छताला कपड्यांच्या दोरीसाठी हूक होता, त्याला तिनं सायकलची चौकट टांगली. शेवाळी रंगाची, रिकामी, मधोमध लोंबकळणारी. सासरे ती बघून म्हणाले, “हे काय खाटकाच्या दुकानासारखं?” दुकानातून आली की हात धुवायचे आणि त्या खोलीत शिरायचं. पुढचा शॉकअप बसवला. दोन्ही चाकांना चकत्या लावल्या, म्हणजे ब्रेक ज्यांना चावतात त्या पातळ पोलादी थाळ्या. पायडलच्या दांड्याचे आटे एका बाजूला सुलटे, दुसऱ्या बाजूला उलटे असतात, ती उलटा आटा फिरवत होती तेव्हा सासरे दारातून म्हणाले, “सूनबाई, घट्ट करायचं तर सैल करतेयस.”

“बाबा, याचे आटे उलटे आहेत.”

“उलटे आटे नसतात. उलटी माणसं असतात.”

“मग मी आहे उलटी. तुम्ही चहा घ्या.”

घेतला त्यांनी चहा. पण ती दुकानात गेल्यावर काय केलं म्हणता? हँडल कापलं! डोंगरात चालवायच्या सायकलचं हँडल रुंद असतं, मुद्दाम असतं. रुंद धरलं की दगडधोंड्यात तोल जात नाही. ते मागच्या दाराला अडायचं. आणि सासऱ्यांनी चाळीस वर्षं एकच तत्त्व पाळलं होतं: कपाट दारातून जात नसेल तर दार फोडायचं नाही, कपाट छाटायचं. संध्याकाळी ती आली तर हँडल दोन्हीकडून चारचार बोटं छाटलेलं, कडा कानशीनं घासून गुळगुळीत.

“दोन्हीकडं सारखंच आहे,” सासरे अभिमानानं म्हणाले. “दोरी लावून बघ. केसाचाही फरक नाही.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बाबा, मी तुमचा रंधा घेऊन त्यानं साबण किसला तर चालेल?”

“रंध्यानं कुणी साबण किसतं का?”

“हँडल तरी कुणी कापतं का? मला विचारलं होतं?”

“त्यात विचारायचं काय? तुझ्याच सोयीसाठी केलं.”

‘तुझ्याच सोयीसाठी.’ साहेब, हे शब्द ओळखीचे वाटतात का? थांबा, येतोच तुमच्याकडे.

नवं हँडल आणलं. खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीला गेली. मंगळसूत्राशेजारी किल्ली वाजायला लागली, तसा नवऱ्याचा हात खिशातल्या बुधलीकडं जायला लागला. तिनं नुसतं बघितलं. हात खाली गेला.

सायकल उभी राहिली. खरंच देखणी झाली होती. पहिली फेरी गल्लीत. नवे ब्रेक लगेच चावत नाहीत, त्यांना शिकवावं लागतं: वेग घ्यायचा, दाबायचा, पुन्हा वेग, पुन्हा दाब. त्या शिकवणीत ते बोंबलतात. ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि चकत्या अशा किंचाळायच्या की गॅलरीत माणसं यायची. समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, “अहो, कुणाची मान कापताय की काय?” दोनतीन संध्याकाळी हा तमाशा चालला. मग ब्रेक पकडायला लागले. एका बोटानं दाबलं की चाक जागच्या जागी. आवाज थोडा उरला, थंड असताना सिर्रर्र करायचा. तो तसाच राहतो, काही बिघडत नाही.

नवऱ्याचं मात्र बिघडत होतं. तो दारात उभा राहून तोंड वाकडं करायचा, दाढ दुखतेय असं. “अगं, त्याला काहीतरी होतंय.”

“काही होत नाहीये. आणि नीट ऐका, चकतीला बोट लावायचं नाही. बोटाचं तेलसुद्धा तिला चालत नाही. कळलं?”

“कळलं की. मी काय लहान आहे?”

रविवारी दोघं टेकडीवर गेले. तो येणारच होता, पाण्याच्या बाटल्या, पट्ट्या, मलम, छत्री, सगळा दवाखाना पिशवीत घेऊन. पायथ्याशी तिनं सायकल त्याच्या हातात दिली आणि नळावर बाटली भरायला गेली. एवढंच. एक बाटली भरायला लागतो तेवढाच वेळ. ती आली, हेल्मेट घातलं, आणि पलीकडच्या फरशीच्या रस्त्यानं चढणीला लागली. चढताना ब्रेक कोण दाबतं?

ती वर गेली. दम लागला, पण आपला, स्वतःचा दम; कुणी खुर्ची पुढं केली नाही, कुणी पाठीवर हात ठेवला नाही. वर पोचल्यावर तिला एकटीलाच हसू आलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच अंगाला घाम आला होता आणि तो पुसायला कुणी धावलं नव्हतं. जुनी पाऊलवाट समोर होती, तशीच. तिनं शॉकअप दोनदा दाबून बघितला आणि सोडली सायकल.

आता त्या वाटेबद्दल एक गोष्ट, साहेब, जी तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत. शेवटच्या वळणानंतर वाट खाली जात नव्हती. वर जात होती. त्या वेड्यांनी मिळून तिथं मातीचा लांबट बांध घातला होता आणि तिनं स्वतः फावड्यानं तो थोपटला होता. का? कुणाचा ब्रेक फसलाच, तर सायकल त्या चढावर जाऊन आपोआप मंद व्हावी म्हणून. पडणाऱ्याची सोय पडणाऱ्यांनीच करून ठेवली होती. ती आजारी असताना तुमच्या माणसांनी तो बांध खणून काढला आणि तिथं पायऱ्या बसवल्या.

पहिल्या वळणाला तिनं ब्रेक दाबला. पकडला, पण मऊ. दुसऱ्याला दाबला तर आणखी मऊ, ओल्या साबणाला दाबल्यासारखा. आवाज येत नव्हता. सिर्रर्र नाही, काही नाही. तो आवाज नाही हे आत्ता तिच्या लक्षात आलं. दोन्ही हातांनी सगळा जोर लावला. चाकं मजेत फिरत राहिली. तिनं मनाला सांगितलं, घाबरायचं नाही, खाली बांध आहे, बांधावर जाऊन थांबेल. वळण घेतलं.

बांध नव्हता. सिमेंट होतं. आणि त्या सिमेंटच्या मधल्या पायरीवर, पिशवी मांडीवर घेऊन, तिचा नवरा बसला होता. पायऱ्या बघून त्याला बरं वाटलं होतं म्हणे. बसायची सोय झाली.

“बाजूला व्हा!” ती ओरडली.

तो उठून उभा राहिला. बाजूला नाही, उभा! ड्रायव्हर माणूस, हात वर करून गाडी थांबवायला निघाला. तिनं हँडल ओढलं, सायकल त्याच्या कोपराला घासून गेली, पायऱ्यांवर एकदा आपटली, दोनदा आपटली, आणि तिसऱ्यांदा सायकल एकीकडं आणि बाई दुसरीकडं. खालच्या झुडपानं झेललं म्हणून डोकं वाचलं. डाव्या मनगटातून मात्र काडी मोडल्यासारखा आवाज आला.

नवरा धावत आला. “बघ! मी सांगत होतो! सांगत होतो ना मी?”

ती उठून बसली. मनगट मांडीवर धरलं आणि सरपटत सायकलजवळ गेली. पुढच्या चाकाजवळ नाक नेलं. शिलाई मशीन! तोच गोडसर वास, जो घरातल्या प्रत्येक बिजागरीला येतो.

“तेल घातलंत?”

तो पिशवीत पट्ट्या शोधायला लागला.

“अहो, विचारतेय. चकतीला तेल घातलंत?”

“थेंबच टाकला. दोन्हीकडं एकेक.”

“मी काय सांगितलं होतं?”

“बोट लावायचं नाही म्हणालीस.” त्याचा आवाज बारीक झाला. “मी बोट नाही लावलं.”

साहेब, तिला त्या क्षणी रडावं की हसावं की पिशवीतली छत्री त्याच्या डोक्यात घालावी, कळेना. “ब्रेकला तेल घातलं, अहो! बसच्या ब्रेकला घालता का तेल?”

“बसचा ब्रेक आत असतो. तो दिसत नाही.”

“म्हणजे दिसला असता तर घातलं असतंत!”

बहुतेक घातलंच असतं.

मनगटाला प्लास्टर चढलं. काचा घासायचं काम बंद. घरात तर नुसता आनंदीआनंद: आता तिला काहीच उचलू द्यायचं नाही याला पक्कं, पांढरं, दिसणारं कारण मिळालं. जेवताना सासरे म्हणाले, “सूनबाई, सायकल देऊन टाक कुणाला तरी. मी त्या हुकाला झोपाळा बांधून देतो.” नवरा मान खाली घालून होकार भरत होता.

तिनं चमचा खाली ठेवला. “एक सांगते, दोघंही ऐका. मी पडले ते माझ्या ऑपरेशनमुळं नाही, वयामुळं नाही, सायकलमुळं नाही. मी पडले कारण माझ्या गोष्टीला प्रत्येकानं मला न विचारता हात लावला. यांनी लावला, तुम्ही लावला, आणि त्या टेकडीवाल्या साहेबानं लावला. पडायचंच असेल तर मी माझ्या चुकीनं पडेन. दुसऱ्याच्या काळजीनं पडायला मला वेळ नाही. सायकल नीट होणार. आणि ती नीट कोण करणार?” तिनं प्लास्टरचा हात नवऱ्याकडं रोखला. “हे करणार. मी सांगीन तसं.”

दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीत ती स्टुलावर आणि तो जमिनीवर. तेल प्यायलेले ब्रेकचे पॅड फेकून नवे आणले होते. चकत्या स्पिरिटनं पुसायच्या, वाकलेलं चाक तारा ताणून सरळ करायचं. पण बुधलीला आता वेगळाच रोग जडला होता. तो विचारायला लागला होता.

“हा स्क्रू काढू?”

“काढा.”

“डावीकडं फिरवू?”

“फिरवा.”

“पूर्ण काढू?”

“अहो, अर्धा काढून काय त्याच्याशी गप्पा मारणार आहात?”

“खाली ठेवू? कागदावर ठेवू की फडक्यावर?”

“डोक्यावर ठेवा माझ्या!”

तो खरंच तिच्या डोक्याकडं बघायला लागला, तेव्हा ती इतकी हसली की प्लास्टरमध्ये कळ गेली. तो हसला नाही. स्क्रू कागदावर ठेवला, खिशातली बुधली काढली आणि खिडकीत ठेवली. “तू कण्हलीस तरी मला वाटतं कुठंतरी तेल घालावं,” तो म्हणाला. “ऑपरेशनच्या वेळी बाहेर बसलो होतो ना. घालायला काहीच नव्हतं.”

तिनं पाना त्याच्यापुढं सरकवला. म्हणाली, “आता तो दुसरा स्क्रू. विचारू नका. काढा.”

प्लास्टर निघालं. ती पुन्हा टेकडीवर गेली. ब्रेक चावत होते, सिर्रर्र करत होते, आणि तो आवाज ऐकून खाली उभ्या नवऱ्यानं दात आवळले पण खिसा रिकामा होता. सगळी वाट ती खाली आली. एका वळणाला मागचं चाक घसरलं, तिनं पाय टेकला, सावरली, स्वतःच. आणि शेवटच्या वळणाशी आल्यावर तिला उतरावं लागलं. तिथं तुमच्या पायऱ्या होत्या. तिनं सायकल खांद्यावर घेतली आणि एकेक पायरी उतरली. नवरा पुढं आला, थांबला, म्हणाला, “धरू?”

“नको,” ती म्हणाली. “आज नको. पण माझ्याबरोबर चला.”

तशीच घामेजलेली, मातीनं भरलेली ती दोघं तुमच्या ऑफिसात आली, साहेब. आठवतंय ना? शिपायानं सायकल बाहेर ठेवा म्हटलं, तिनं ठेवली नाही. तुम्ही चष्मा वर सरकवलात. तिनं सांगितलं: बांध काढून पायऱ्या घातल्यात, पाटी लावली नाहीत, माझा हात मोडला. तुम्ही म्हणालात, “ताई, पायऱ्या लोकांच्या सोयीसाठीच आहेत. आणि या वयात सायकली चालवायच्या म्हणजे...” ते वाक्य तुम्ही पूर्ण केलं नाहीत, तेवढी हुशारी होती. मग कुठूनतरी कळलेलं काढलंत: “आणि आम्ही ऐकलं, ब्रेकला तुमच्याच घरच्यांनी तेल घातलं होतं. मग आमच्या पायऱ्यांचा काय संबंध?”

ऑफिसातली माणसं हसली. ती लाल झाली. पण ती बोलायच्या आधी तिचा नवरा पुढं झाला. जो माणूस डेपो मॅनेजरसमोरही टोपी काढून उभा राहतो, तो तुमच्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

“तेल मी घातलं,” तो म्हणाला. “तिनं नको सांगितलं होतं, तरी घातलं. तिच्या भल्यासाठी घातलं, आणि तिचा हात मोडला. चूक माझी. तिच्यासमोर कबूल केली, आता तुमच्यासमोर करतो. पण साहेब, ब्रेक फसला तर सायकल थांबावी म्हणून तिथं बांध होता. माझ्यासारख्याची चूक सावरायलाच तो बांध होता. तो तुम्ही काढलात. माझं सांगून झालं. आता तुमचं सांगा.”

तुम्ही म्हणालात, “बघू.”

तो हलला नाही. बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपली की पुन्हा येऊन बसला. आजही बसलाय, साहेब, तुमच्या दारासमोर. दार उघडझाप करताना कुरकुरतं, त्याला ते सहन होत नाही, पण त्याच्या खिशात आता काही नाही, आणि असतं तरी त्यानं आधी विचारलं असतं. शेजारी ती बसलीय, सायकल भिंतीला टेकवून. त्यांना तुमचं ‘बघू’ नकोय, चौकशी नकोय, सोय नकोय. एवढंच सांगा: त्या पायऱ्या घालताना, त्या वाटेवरून येणाऱ्यांपैकी कुणाला विचारलं होतंत? एकाचं नाव सांगा. बोला.